आहार-प्रश्नोत्तरे: ‘काच्चातोरा’ पथ्याला चालेल का?

प्रश्न : आम्ही फ्लॉरेन्सला राहतो. सासूसासरे तीन महिन्यांसाठी नाशिकहून आले आहेत. सासऱ्यांना मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत, पण त्यांना इथला ‘पोल्लो आल्ला काच्चातोरा’ हा टोमॅटोच्या रश्शातला कोंबडीचा पदार्थ फार आवडला आहे. आठवड्यातून दोनदा तो केला तर चालेल का? त्यातून पोषण नेमके किती मिळते? (एक वाचक, फ्लॉरेन्स)

उत्तर : ‘काच्चातोरा’ म्हणजे शिकाऱ्याच्या पद्धतीचा. इटलीत याच पद्धतीने ससाही शिजवतात, आणि लात्सिओ भागात टोमॅटो अजिबात न घालता व्हिनेगर, लसूण आणि रोझमेरी यांवर कोंबडी शिजवण्याची रीतही आहे. त्यामुळे या नावाच्या पदार्थाचे एकच ठरीव पोषणमूल्य सांगता येत नाही. आपल्या घरी तो कसा होतो हे पत्रात नसल्याने मी एक साधे प्रमाण धरून हिशोब मांडते. आपण त्यात आपले आकडे घालावेत.

चार माणसांसाठी हाडे वगळून 600 ग्रॅम मांडीचे मांस (कातडी काढलेले), तीन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, 400 ग्रॅमचा सोललेल्या टोमॅटोंचा एक डबा, एक कांदा, एक गाजर, सेलरीचा एक दांडा, अर्धा पेला वाइन आणि मूठभर हिरवे ऑलिव्ह असे धरले, तर एका वाढपात सुमारे 340 किलोकॅलरी, 31 ग्रॅम प्रथिने, 18 ग्रॅम स्निग्धांश आणि जेमतेम 8 ते 9 ग्रॅम कर्बोदके येतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार 65 किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला 54 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे त्यातला निम्म्याहून अधिक वाटा या एका वाढपात भागतो. रक्तातील साखरेच्या दृष्टीने रस्सा निरुपद्रवी आहे. टोमॅटो, कांदा आणि गाजर यांतील साखर एका वाढपात इतकी थोडी असते की तिची धास्ती घेण्याचे कारण नाही.

खरा फरक पडतो तो कातडीने. तेवढेच मांस कातडीसकट घेतले, तर एका वाढपात सुमारे 150 किलोकॅलरी आणि 19 ग्रॅम स्निग्धांश वाढतो, आणि वजनाचा काही भाग चरबीने व्यापल्यामुळे प्रथिने उलट कमी होऊन 25 ग्रॅमच्या आसपास येतात. कातडी खरपूस परतल्याशिवाय पदार्थाला चव नाही असे तिथल्या सुगरणी म्हणतील, आणि चवीपुरते ते खरेही आहे. मात्र खाताना कातडी ताटाच्या कडेला सारली म्हणून सुटका होत नाही, कारण परतताना सुटलेली चरबी तोवर रश्शात उतरलेली असते. त्यावरचा उपाय आपल्याला नवा नाही. पदार्थ आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी वर गोठलेला तवंग चमच्याने काढून मग गरम करावा. मुरल्यामुळे चवही वाढते.

टोमॅटोविषयी दोन शब्द, कारण त्याच्याबद्दल लोक वाजवीपेक्षा जास्त बोलतात. त्याचा लाल रंग लायकोपीन या द्रव्याचा असतो. शिजवल्याने टोमॅटोच्या पेशींच्या भिंती फुटून ते मोकळे होते, आणि ते तेलात विरघळणारे असल्याने तेलाबरोबर अधिक शोषले जाते. त्यामुळे कच्च्या कोशिंबिरीपेक्षा अशा रश्शातून ते शरीराला जास्त मिळते. क जीवनसत्त्वाचे मात्र उलट होते, शिजण्यात त्याचा बराच अंश जातो. लायकोपीनपासून अ जीवनसत्त्व तयार होत नाही. या पातेल्यात ते काम गाजर करते. टोमॅटोमुळे अमुक एक रोग टळतो असे छातीठोकपणे मी लिहिणार नाही.

आता मीठ, कारण सासऱ्यांच्या रक्तदाबाशी त्याचाच संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. खारवलेल्या हिरव्या ऑलिव्हच्या 15 ग्रॅममध्ये अर्धा ग्रॅमहून अधिक मीठ असते. त्यात पातेल्यात घातलेले चमचाभर मीठ मिळवले, तर एका वाढपात दोन ग्रॅमपर्यंत मजल जाते, आणि केपर्स (खारवलेल्या फुलकळ्या), खारवलेले अँकोव्ही मासे किंवा तयार स्टॉकची वडी घातली तर त्याहून पुढे. ऑलिव्ह तासभर पाण्यात भिजवून घ्यावेत, वडी टाळावी, आणि वरून मीठ घालायचे ते शेवटी चव पाहून. दुकानातले तयार ‘सुगो’, म्हणजे टोमॅटोचा सॉस, घेण्याऐवजी नुसत्या टोमॅटोंचा डबा घ्यावा. युरोपातील वेष्टनांवर ‘साले’ या शब्दापुढे दर 100 ग्रॅममागचे मीठच लिहिलेले असते. भारतात सोडियम लिहितात, आणि त्याला अडीचने गुणले की मिठाचा आकडा मिळतो. सासूबाई नाशिकहून आणलेल्या पाकिटांशी तुलना करतील तेव्हा हा फरक लक्षात ठेवावा. आपण तोस्कानात, म्हणजे फ्लॉरेन्सच्या प्रांतात, राहता हे एका परीने भाग्यच, कारण तिथला पारंपरिक पाव बिनमिठाचा असतो.

पण त्याच पावामुळे साखर वाढते. रस्सा चांगला झाला की तो पुसून खाण्यासाठी पावाचे तुकडे किती जातात याचा हिशोब राहत नाही. 60 ग्रॅम पावातून सुमारे 30 ग्रॅम कर्बोदके जातात, म्हणजे रश्शाच्या एका वाढपातल्या कर्बोदकांच्या तिपटीहून जास्त. पोलेंता, म्हणजे मक्याच्या जाडसर पिठाचा घाटा, केला तरी गणित फारसे बदलत नाही. पावाचा तुकडा आधीच मोजून ताटात घ्यावा आणि उरलेली भूक पालेभाजी, फरसबी किंवा पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांवर भागवावी. एवढे सांभाळले तर आठवड्यातून दोनदा खुशाल करावे. सासऱ्यांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारे द्रव्य) वाढलेले असेल तर मात्र आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारावे, कारण एका वाढपात पोटॅशियमही 600 मिलिग्रॅमच्या वर जाते आणि प्रथिनेही त्यांना मोजूनच घ्यावी लागतील.

प्रश्न : हाच पदार्थ मी घरी रेड वाइन घालून करते. शिजताना मद्यार्क उडून जातो असे ऐकले आहे. सहा वर्षांच्या मुलाला दिला तर चालेल ना? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : पूर्ण उडून जात नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या कोष्टकानुसार मंद आचेवर अर्धा तास शिजवल्यावर घातलेल्या मद्यार्कापैकी सुमारे 35 टक्के उरतो, तासाभराने 25 टक्के आणि अडीच तासांनीही 5 टक्के. आपण 120 मिलिलिटर वाइन घालून अर्धा तास शिजवली, तर चारांतल्या एका वाढपात साधारण एक ग्रॅम मद्यार्क राहील. प्रमाण थोडे आहे, पण लहान मुलासाठी ते न देणेच मी पसंत करीन. वाइनऐवजी दोन चमचे व्हिनेगर आणि थोडे पाणी घालावे. वर सांगितलेल्या लात्सिओच्या रीतीतही व्हिनेगरच असते, त्यामुळे पदार्थ बिघडवल्याचा दोष लागणार नाही.

प्रश्न : मांडीऐवजी छातीचे मांस वापरले तर चरबी किती कमी होईल? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : कातडी काढलेल्या कच्च्या मांसाच्या 100 ग्रॅममध्ये मांडीत सुमारे 4 ग्रॅम आणि छातीत अडीच ग्रॅमच्या आसपास चरबी असते. हा फरक अर्ध्या चहाच्या चमच्याभर तेलाएवढाही नाही. उलट मांडीत लोह आणि जस्त थोडे जास्त असतात, आणि पाऊण तास रटरटणाऱ्या रश्शात छातीचे तुकडे कोरडे पडतात. पातेल्यात तेल ओतताना एक चमचा कमी घालावा आणि मांडीच घ्यावी.