वाड्याच्या दाराला नवा कोयंडा

प्रश्न : आमच्या वाड्याच्या सागवानी दाराचा कोयंडा झिजून तुटला. कडी दाराच्या फळीवर आहे, कोयंडा वरच्या चौकटीत. बाजारातले कोयंडे स्क्रूचे, चार हिसक्यांत निघतात. लोहाराकडून करून घ्यायचा तर माप काय द्यावं?
– एक वाचक, वाई

उत्तर : स्क्रूचा कोयंडा अशा दाराला नकोच. जुना कोयंडा चौकटीतून आरपार जातो आणि आतून त्याचे दोन्ही पाय फाकवलेले असतात. ताकद तिथंच आहे.

आधी चौकटीची जाडी मोजा. ती ७५ मिमी धरली, तर मागची ३ मिमीची चकती आणि वळवायला ३० मिमी मिळून एक पाय १०८ मिमीचा होतो. दोन पाय आणि वरचं वळं धरून १२ बाय ५ मिमीची ३०० मिमी पट्टी पुरते. पट्टी साध्या माइल्ड स्टीलची घ्या. टीएमटी सळईचा तुकडा हाताशी असला तरी नको, घट्ट वळणावर तडकतो. जस्ताचा मुलामा असलेलं लोखंडही भट्टीत घालू देऊ नका, धूर विषारी असतो.

पट्टी लालभडक तापवून २० मिमी सळईभोवती वळवायची आणि पाय एकमेकांना चिकटवायचे. पायांची शेवटची ३० मिमी टोकं ठोकून ३ मिमीपर्यंत पातळ करून घ्या, नाहीतर दारावर ती गार असताना वळणार नाहीत.

कडी जुनीच ठेवणार असाल तर तिची फट आधी मोजा. हे वळं बाहेरून ३० बाय १२ मिमी होतं, त्याला फट निदान ३४ बाय १५ हवी. कमी असेल तर पट्टी बारीक घ्या. जुनी कडी कापू नका.

जुनं भोक सैल झालं असेल तर सागाची गुल्ली सरसानं बसवा, सुकू द्या, मग १२ मिमीचं भोक दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं पाडा. एकाच बाजूनं पाडलं की पलीकडे कपचा उडतो. पटाशीनं कोपरे चौकोनी करून घ्या.

सगळ्यात जास्त चुकतं ते पाय फाकवताना. वरच्या चौकटीत लाकडाच्या रेषा आडव्या असतात, म्हणून पाय डावी-उजवीकडेच उघडायचे. वर-खाली उघडले तर पाचर मारल्यासारखी चौकट चिरते. वळंही त्यामुळे आडवं येतं, तेव्हा कडीची फट आडवी हवी. हे लोहाराला पुठ्ठ्याचा नमुना कापून दाखवा, तोंडी सांगून भागत नाही. मागे ४० मिमीची चौकोनी चकती घालायला विसरू नका. ती नसेल तर पाय लाकडात रुततात आणि उन्हाळ्यात लाकूड आकसलं की कोयंडा खुळखुळतो.

रंगाऐवजी जवसाचं तेल बरं. कोयंडा बसवण्याआधी, उघड्यावर, धूर निघेल इतपत तापवून तेलाचं फडकं फिरवा. दोन-तीन हात पुरतात. ते फडकं चुरगळून टाकू नका, आपोआप पेट घेतं. पसरून वाळवा.