एमआरआयने ऊतींची वीजवाहकता मोजतात म्हणे. आईच्या मेंदूचा एमआरआय आहे, तिच्या अंगात करंट सोडतील का?

नाही, सोडणार नाहीत. आईंना निर्धास्त करा. तुम्ही वाचलेलं तंत्र बहुधा ईपीटी, म्हणजे इलेक्ट्रिकल प्रॉपर्टीज टोमोग्राफी. मी काही वर्षं याच आकडेमोडीत आहे.

एमआरआय यंत्र एरवीही शरीरात रेडिओलहरी सोडतंच. ३ टेस्लाच्या यंत्रात सुमारे १२८ मेगाहर्ट्झच्या. जिथे क्षार आणि पाणी जास्त, तिथे या लहरीमुळे बारीक प्रवाह वाहतात आणि ते लहरीचा फेज, म्हणजे लहर किती पुढेमागे सरकली आहे ते, किंचित बदलतात. नेहमीचं चित्र काढताना हा फेज बहुतेकदा टाकून दिला जातो. ईपीटीत तोच जपून ठेवायचा आणि त्यावरून वाहकता काढायची. या वारंवारितेला मेंदूभोवतीच्या द्रवाची वाहकता मीटरला २ सिमेन्सच्या (हे वाहकतेचं एकक) वर असते, ग्रे मॅटरची (मेंदूचा करडा भाग) साधारण ०.६, व्हाइट मॅटरची (पांढरा भाग) ०.३५च्या आसपास. फरक चांगला ठळक आहे. कल्पना १९९१मध्येच मांडली गेली होती. हॅम्बुर्गचे संशोधक काटशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९मध्ये ती चांगली पुढे नेली.

मग ती दवाखान्यात का पोचली नाही? फेजचा नकाशा म्हणजे एक टेकडी समजा. वाहकता तिच्या उंचीत नसते, चढातही नसते. चढ किती झपाट्याने बदलतो, त्यात असते. म्हणजे दोनदा विकलन करायचं (बदलाचा दर काढायचा), आणि दर वेळी मोजमापातला गोंगाट फुगतो. तो दाबायला चित्र गुळगुळीत करावं, तर कडा पुसतात. शिवाय सोपं सूत्र धरून चालतं की आजूबाजूला वाहकता सारखीच आहे. ग्रे मॅटरचा थर दोन-चार मिलिमीटरचा, वर घड्यांवर घड्या. तिथे जिकडेतिकडे कडाच. मिठाच्या पाण्याच्या जेलवर माझे आकडे सुरेख यायचे. पहिल्यांदा मेंदूवर तेच गणित चालवलं, तर द्रवाच्या पोकळीच्या काठाने वाहकता ऋण आली! ऊतीची वाहकता ऋण असूच शकत नाही. त्या काठाने माझे कितीतरी महिने घेतले.

करंट सोडण्याचं तंत्र वेगळं: एमआरईआयटी, म्हणजे मॅग्नेटिक रेझोनन्स इलेक्ट्रिकल इम्पीडन्स टोमोग्राफी. त्यात इलेक्ट्रोड लावून काही मिलिअँपिअर प्रवाह देतात, तोही कमी वारंवारितेचा. तेव्हा पेशीचं आवरण प्रवाह अडवतं, म्हणून आकडेही निराळे येतात. हे संशोधनापुरतं आहे आणि संमती घेतल्याशिवाय होत नाही.

गाठीची वाहकता पुष्कळदा आसपासच्या ऊतीपेक्षा जास्त दिसते, म्हणून आम्ही यामागे लागलो आहोत. पण निदान अजून त्यावर होत नाही. आईंच्या रिपोर्टात हा आकडा नसेल, तर तपासणीत काही राहून गेलं असं समजू नका.