तुम्ही मागितलं का नाही?

पत्र :

ताई, मी ५८ वर्षांची. सासर माळकरी, लग्न होऊन आले त्याच वर्षी माळ घातली. यंदा २६वी वारी झाली. आळंदीपासून दिंडीत चालले, आषाढीला रांगेत रात्र काढली. पायांवर डोकं टेकवतेय तोच कुणीतरी मानेला धरून पुढं काढलं. पूर्वी तेवढ्यातसुद्धा डोळे भरून यायचे. गेली तीन वर्षं काहीच होत नाही. एवढ्या लाखोंच्या गर्दीत तो मला ओळखतो तरी का, असं वाटतं. दिंडीतले बुवा म्हणाले, तुमचा भाव कमी पडतोय. मुलगा म्हणतो, आई, दगड आहे तो. हे गेल्यापासून तोही वारीला येत नाही. मी दरवर्षी सगळ्यांचं मागणं घेऊन जाते, जावेचे गुडघे, भाचीचं लग्न. स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. हे नऊ दिवस दवाखान्यात होते, तेव्हासुद्धा नाही. बाहेर बसून नाम घेतलं, त्याची इच्छा म्हटलं. मग माझ्याच बाबतीत असं का व्हावं? श्रद्धा संपली का माझी? माळ उतरवून ठेवू का?

– एक वारकरी

उत्तर :

माऊली,

तुमच्या पत्रात रांग आहे, मानेवरचा हात आहे, बुवा आहेत, मुलगा आहे. त्या सगळ्यांबद्दल तुम्ही भरभरून लिहिलंत. आणि जिथं मी वाचता वाचता थांबले, ते मात्र तुम्ही जाता जाता टाकून दिलंत. तुमचा नवरा नऊ दिवस दवाखान्यात होता आणि तुम्ही पांडुरंगाकडं त्याचा जीव मागितला नाहीत.

का नाही मागितला?

सवय नव्हती, असं मला सांगू नका. जावेच्या गुडघ्यांसाठी तुम्ही मागता. भाचीच्या लग्नासाठी मागता. पंचवीस वर्षं दुसऱ्यांची गाऱ्हाणी वाहून नेणाऱ्या बाईला मागता येत नाही, यावर माझा विश्वास नाही. तुम्हाला मागता येत होतं. त्या नऊ दिवसांत तुमच्या ओठांवर नाम होतं आणि नामाच्या खाली एकच वाक्य होतं, ‘ह्यांना नेऊ नकोस.’ ते तुम्ही बाहेर पडू दिलं नाहीत.

मला वाटतं तुम्ही घाबरलात. मागितलं आणि तरी हे गेले, तर विठोबाचं काय करायचं, हा प्रश्न त्या बाकावर तुमच्याशेजारी येऊन बसला होता. नवऱ्याबरोबर देवही जाईल, या भीतीनं तुम्ही तोंड मिटून घेतलंत. मागितलंच नाही म्हणजे त्यानं नाकारलंही नाही. देव शाबूत राहिला. त्याला ‘त्याची इच्छा’ हे नाव दिलंत, आणि सगळ्यांनी तुमचं कौतुक केलं असणार. काय बाई आहे, काय निष्ठा आहे!

त्या दवाखान्यात तुम्ही किती एकट्या होतात, याचा विचार करून माझ्या पोटात तुटतं. पण त्याला निष्ठा म्हणायला मी तयार नाही. निष्काम भक्ती ही ज्याला खरंच काही नको असतं त्याची. तुम्हाला हवं होतं. तुम्हाला तो माणूस हवा होता, घरी, जेवायला, पुढच्या वारीला. हवं असताना नको म्हणणं याला माझ्याकडं एकच नाव आहे, लपवणं. त्या दिवसापासून तुम्ही विठोबापासून लपताय आणि मला विचारताय की तो मला ओळखतो का.

आपण पंढरीला माहेर म्हणतो. आता अशी लेक डोळ्यांसमोर आणा, जी घरात मोठा घाव सोसून माहेरी येते, ओसरीवर बसते, आईनं विचारलं की म्हणते, “सगळं बरं आहे, शेजारणीचे गुडघे तेवढे दुखतात.” चहा पिते, उठते, आणि वाटेत रडते की आईला माझं काही कळलं नाही. तीन आषाढ्या तुम्ही हेच केलंय. ती आई सर्वज्ञ असेलही, आत काय चाललंय ते तिला दिसतही असेल. तरी बोलल्याशिवाय लेकीला हलकं वाटायचं कसं? तुम्हाला ओळखलं गेल्याचं सुख हवंय आणि तोंड मात्र उघडायचं नाही. ते जमणार नाही, माऊली.

आणि तोंड उघडायला तुम्ही कुठल्या घरात भिताय? तुम्ही वारकरी आहात! तुमच्या घराण्यात देवाशी जेवढं भांडण झालंय तेवढं दुसरीकडं क्वचित झालं असेल. महाद्वारातल्या ज्या पायरीला हात लावून तुम्ही दरवर्षी आत जाता, ती नामदेवांची. त्यांच्या लहानपणची गोष्ट तुम्हाला पाठ असणार. नैवेद्य खाल्ला नाहीस तर इथंच डोकं आपटून घेईन, असं त्या पोरानं विठ्ठलाला बजावलं होतं. मोठेपणीही त्यांनी त्याला सुनावलंय की तुझं पतितपावन हे नाव ऐकून दाराशी आलो, तू तसा नाहीस, म्हणून परत चाललो.

आषाढीला तुमची रांग गोपाळपूरकडच्या पत्राशेडपर्यंत जाते. त्या गोपाळपुरात जनाबाईचं जातं दाखवतात. गंगाखेडची ती पोर, नामदेवांच्या घरची दासी. तिनं विठ्ठलाला काय काय म्हटलंय ते एकदा नीट आठवा. ‘कारट्या’ म्हटलंय. त्याचं मढं काढलंय, त्याच्या बायकोला रंडकी ठरवलंय. आणि तो अभंग आपण आजही टाळ वाजवत म्हणतो. कुणी बुवा उठून म्हणत नाही की जनाबाईचा भाव कमी पडतोय. तिच्या जात्याला विठोबानं हात लावला असं आपण मानतो ते याच बाईच्या बाबतीत. इतकं तोंड सोडलेल्या बाईच्या.

तुकोबांचं तर मी तुम्हाला काय सांगावं. १६३०च्या दुष्काळात त्यांची थोरली बायको ‘अन्न अन्न’ करत गेली. मुलगा गेला. त्यांनी ते कुठं झाकलं नाही, अभंगातच लिहून ठेवलं. पुढं एकदा तर माझ्या लेखी देव मेला, असंही त्यांनी लिहिलंय. तुमचा मुलगा दगड म्हणाला म्हणून तुम्ही हबकलात. तुकोबा त्याच्या पुढं गेले होते, आणि त्यांच्याच पादुका आपण पालखीत घालून देहूहून पंढरीला नेतो.

मुलाला आणि बुवांना मी इथंच बाजूला ठेवते. बुवांनी तुम्हाला भाव कमी आहे म्हटलं, याचा मला राग आला. तीन वर्षांपूर्वी नवरा गमावलेल्या बाईला एवढंच सांगायचं होतं तर गप्प राहायला हवं होतं. पण तुमची अडचण बुवा नाहीत.

मानेवरचा तो हातही नाही. पायांशी आणखी क्षणभर मिळाला असता तर भरून आलं असतं, असं तुम्हाला वाटतं. नसतं आलं. चोखोबांना तर त्या पायांपर्यंत जायचीच मुभा नव्हती. त्यांची समाधी नामदेव पायरीसमोर आहे, दाराबाहेर. त्यांच्या समाजासाठी ते दार उघडायला १९४७ साल उजाडलं आणि साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. चोखोबांनी बाहेर उभं राहून हाक मारली, गाऱ्हाणं घातलं, असा जन्म का दिलास म्हणून जाब विचारला. विठ्ठलाच्या ओळखीचा माणूस म्हणून ज्याचं नाव घ्यावं, असा हा दाराबाहेरचा माणूस आहे. अंतरानं त्याचं काही अडलं नाही, कारण तो गप्प बसला नाही.

तुम्ही रोज हरिपाठ म्हणता. तो म्हणत राहा. पण ते ज्ञानोबामाऊलींचे शब्द आहेत. तुमचे स्वतःचे शब्द विठ्ठलानं शेवटचे कधी ऐकले? मला वाटतं त्या दवाखान्याच्या आधी.

तेव्हा माळ उतरवायची की नाही, हा प्रश्न आत्ता नाहीच. ती गळ्यात राहू द्या. ज्याच्याशी भांडायचंय त्याची खूण जवळ असलेली बरी. तुमची श्रद्धा संपलेली नाही. नसलेल्यावर कुणी तीन वर्षं रुसून बसत नाही, आणि श्रद्धा संपलेली बाई रात्रभर रांगेतही उभी राहत नाही. तुम्ही संतापलेल्या आहात. तुम्हाला ते माहीत नाही, कारण देवावर संतापणं पाप आहे असं कुणीतरी तुमच्या मनावर ठसवलंय. आपल्या संतांनी तरी ते ठसवलेलं नाही.

भांडा त्याच्याशी. मला तुम्हाला एवढंच सांगायचंय.

पुढच्या आषाढीची वाट पाहू नका, एकादशीचीही नको. उद्या सकाळी घरातल्या तसबिरीसमोर बसा आणि मोठ्यानं बोला. मनातल्या मनात नको, मनात तुम्ही पुन्हा ‘त्याची इच्छा’ म्हणून मोकळ्या व्हाल. अरे-तुरे करा. नऊ दिवसांत जे मागायचं राहिलं ते आता मागा. उशीर झालाय, माणूस परत येणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि त्यालाही. तरी मागा. मला ते हवे होते, तू नेलेस, आणि तू नाही म्हणशील या भीतीनं मी तुला विचारलंसुद्धा नाही, हे त्याला सांगा. शिव्या आल्या तर देऊन टाका, आधीच्या बायकांनी वाट करून ठेवलेली आहे.

आणि नवऱ्याचं नाव घ्या. सगळ्या पत्रात तुम्ही त्यांना ‘हे’ म्हटलंय. माझ्यापुढं चालेल. त्याच्यापुढं नाव घेऊन बोला.

उत्तर येईल का? पुन्हा पायांशी डोळे भरून येतील का? ते मी कुणाच्या वतीनं कबूल करू? तुकोबांना इंद्रायणीकाठी तेरा दिवस अन्नपाण्याविना बसून राहावं लागलं, आणि ते दिवसही त्यांनी देवाला बोल लावण्यात घालवले. तुम्हाला एका सकाळी मिळेल असं मी म्हणणार नाही. एका सकाळी मोकळं होत नसेल तर दुसऱ्या सकाळीही भांडा. एवढं नक्की आहे की यापुढं रांगेत उभी राहील ती खरी तुम्ही असाल, जावेच्या गुडघ्यांची चिठ्ठी घेऊन आलेली कुणी बाई नसेल.

मुलगा घरात असेल तर असू दे. आवाज ऐकून तो विचारेल, आई, कुणाशी बोलतेस. त्याला ‘काही नाही’ म्हणू नका. त्याच्या वडिलांबद्दल भांडत होते, असं सांगा. तो वारीला का येत नाही, हे तुम्ही त्याला अजून विचारलेलं दिसत नाही. तेही त्याच वेळी विचारून टाका.