रविवारची राइड: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमच्या सायकल क्लबची रविवारची राइड घोडबंदरमार्गे खाडी ओलांडून वसई, निर्मळ, अर्नाळा अशी जाते. पहिले दहा-बारा किलोमीटर मी सगळ्यांबरोबर असतो, पण गायमुखच्या चढाला मागे पडतो तो पडतोच. एकट्याने गेलो की हाच रस्ता आरामात होतो. पाय कमी पडतात का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर: पायांचा दोष दिसत नाही, गटातली जागा चुकतेय. तुम्ही बहुधा रांगेच्या शेपटीला असता. सिग्नल सुटला की पुढचा लगेच निघतो, पंधरावा निघेपर्यंत काही सेकंद जातात आणि मध्ये मोठी फट पडते. ती भरायला तुम्ही दामटता, जेमतेम गाठता, तोच पुढे ब्रेक लागतात. माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत सिग्नलगणिक हेच. चढ येईपर्यंत मांड्या भरून आलेल्या असतात. एकटे असता तेव्हा हे झटके नसतात, एवढाच फरक.

तिसऱ्या-चौथ्या जागी चालवा. तिथे वारा पुढचे खातात आणि झटकेही कमी बसतात. शेवटची जागा क्लबने नेमलेल्या अनुभवी माणसाची असते, नवख्याची नाही. चढाच्या आधीच आणखी पुढे सरका. चढावर सहा-सात जणांनी ओलांडलं तरी माथ्यावर तुम्ही गटातच असाल.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. तुमचं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाशेजारी कधीही शिरू देऊ नका. त्याने खड्डा चुकवायला हँडल वळवलं की चाकं घासतात, आणि पडतो तो मागचाच. दुसरं म्हणजे चढावर पेडलवर उभं राहताना सायकल क्षणभर मागे येते आणि मागच्याच्या चाकाला लागू शकते. म्हणून आधी एक गिअर जड करा आणि पेडल खाली दाबतानाच उठा.

प्रश्न: एकाच राइडमध्ये दोनदा पंक्चर! ट्यूब नवी घातली होती, पाच किलोमीटरवर पुन्हा बसली. ट्यूब निकृष्ट म्हणायची का?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर: ट्यूबला दोष देण्याआधी टायर तपासा. हायवेच्या कडेला फुटलेल्या ट्रक टायरांच्या बारीक तारा पडलेल्या असतात. केसाएवढी तार टायरमध्ये रुतून राहते, बाहेरून दिसत नाही आणि नव्या ट्यूबलाही टोचते. टायरच्या आतून जुना मोजा फिरवा. तार असेल तिथे धागा अडकेल. बोट फिरवू नका, कापतं. टायर बसवताना त्यावरचं नाव नेहमी व्हॉल्व्हपाशी आणायचं. मग ट्यूबचं भोक व्हॉल्व्हपासून जितकं लांब, तितक्याच अंतरावर टायरमध्ये शोधायचं. काम अर्ध्यावर येतं.

भोक कुठे आहे, यावरून कारण कळतं. शेजारी-शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपली. भोक आतल्या बाजूला, स्पोककडे असेल तर रिम टेप (स्पोकची टोकं झाकणारी पट्टी) सरकली आहे. व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटली असेल तर पंप मारताना तो हलत होता. सत्तर किलोच्या स्वाराने २८ मिमीच्या टायरला हवा साधारण ७०-८० पीएसआय, हायब्रिड सायकलच्या ३५ मिमीला ५०-६० ठेवावी, पण टायरच्या कडेवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नये.

पॅच लावताना घाई सगळ्यांचीच होते. सोल्युशनची चमक जाईपर्यंत, म्हणजे चार-पाच मिनिटं थांबा. ओल्यावर लावलेला पॅच हवा भरताच सुटतो. राइडला दोन ट्यूब न्या आणि पॅच घरी निवांत लावा. प्रेस्टा (बारीक, टोकाला स्क्रू असलेला) व्हॉल्व्ह असेल तर छोटा अडॅप्टरही जवळ ठेवा, नाहीतर पेट्रोल पंपावरची हवा तुमच्या कामाची नाही.

प्रश्न: परतीला पोटऱ्यांत गोळे येतात. नुसतं पाणी पुरत नाही का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: दोन तासांपुढच्या राइडला आणि आपल्याकडच्या दमट हवेत नाही पुरत. एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चवीला लिंबू. तासाला अर्धा ते पाऊण लिटर, घोट-घोट. जोडीला पाऊण तासाने एक केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू, तोही भूक लागायच्या आधी. अर्नाळ्याला पोचल्यावर मिसळ चापून लगेच सायकलवर बसणाऱ्यांचे हाल वेगळेच. ती परत आल्यावर खा. एवढं करूनही त्याच पोटरीत गोळा येत असेल तर सीटची उंची मोजून घ्या: टाच पेडलवर ठेवून पेडल सगळ्यांत खाली नेल्यावर गुडघा सरळ व्हायला हवा, कंबर मात्र झुकायला नको.