श्रावणबाळचा अर्ज वयावरून परत आला, आता आई-वडिलांचं काम कुठून सुरू करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: गाव केज तालुक्यात, वडील ७२ वर्षांचे, आई खरी ६७ची पण आधारवर जन्मतारीख ०१/०१/१९६७. दोघांनी उमेदीत ऊसतोड केली, आता दोन एकर कोरडवाहू आहे. आईचा श्रावणबाळचा, म्हणजे म्हातारपणीच्या सरकारी पेन्शनचा, अर्ज वय कमी म्हणून परत आला. दोघांच्या दवाखान्याचं काय, आणि शेत आताच मुलांच्या नावावर करावं का, हेही विचारलंय.

योजनांची यादी बाजूला ठेवा. तुमच्या घरात अडलंय ते एकाच तारखेपाशी. आधारवर १ जानेवारी दिसली, की ती बहुतेक वेळा नोंदणीच्या शिबिरात चेहरा बघून टाकलेली असते. अनुदान आता आधारवरून थेट खात्यात येतं, त्यामुळे तहसीलमधल्या कारकुनाला आईचं वय डोळ्यांनी पटलं तरी त्याच्या हातात फारसं काही नसतं. आईचं आधार आधी दुरुस्त करा. वडिलांची कामं तोवर थांबवायची गरज नाही, ती लगेच सुरू करा.

आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते, म्हणून घाईत भलतीच तारीख टाकून घेऊ नका. बदलायला ठरलेल्या यादीतलाच पुरावा लागतो, आणि शाळा न शिकलेल्या बाईकडे त्या यादीतलं मिळण्यासारखं एकच असतं: जन्माचं प्रमाणपत्र. ही नोंद जन्म जिथं झाला त्या गावची, म्हणजे आईच्या माहेरची. पहिला अर्ज तिथल्या ग्रामपंचायतीत द्या. नोंद सापडली तर काम संपलं. नाही सापडली तर तसं लेखी घ्या, म्हणजे अनुपलब्धता प्रमाणपत्र. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९चा आहे. त्यानुसार एका वर्षापेक्षा जास्त उशिरा नोंद करायची तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. मार्च २०२५पासून राज्यात या आदेशांची पडताळणी कडक झाली आहे. नुसत्या आधारच्या झेरॉक्सवर आदेश मिळत नाही, आणि तसे दिलेले जुने दाखले रद्दही झाले आहेत. दोन हजारांत दाखला आणून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. उद्या तो खोटा निघाला तर गुन्हा आईच्या नावावर.

आदेशासाठी पुरावा गोळा करताना माहेरची जिल्हा परिषद शाळा विसरू नका. आई पहिली-दुसरीत दोन महिने जरी बसली असेल, तरी जनरल रजिस्टरला नाव असतं आणि मुख्याध्यापक प्रवेश-निर्गम उतारा देतात. त्याच्यासारखा भक्कम कागद दुसरा नाही. माहेरचं नाव, वडलांचं नाव आणि गाव सांगून रजिस्टर स्वतः बसून चाळा, कारण नाव 'कौसाबाई'चं 'कौशल्या' झालेलं असू शकतं. त्याखालोखाल जुन्या मतदार याद्या. मतदानाचं वय १९८९पर्यंत २१ होतं, म्हणजे १९८७ किंवा त्याआधीच्या यादीत आईचं नाव असेल तर तेवढ्यानेच १९६७ खोटं ठरतं. तुम्ही लिहिलंय की तुमच्या मोठ्या भावाच्या दाखल्यावर जन्मसाल १९७७ आहे. आधार खरं मानलं तर आई दहाव्या वर्षी बाळंत झाली. हा जोडपुरावा अर्जासोबत लावाच, एकटा मात्र पुरत नाही. दवाखान्यातला वयाचा दाखला श्रावणबाळच्या अर्जाला चालतो, पण साठीनंतर शरीर पाहून नेमकं वय सांगता येत नाही. तो शेवटी अंदाजच असतो आणि आधार दुरुस्तीला कामाचा नाही.

आता वडील. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेला वय ६५ पूर्ण, राज्यात किमान १५ वर्षं वास्तव्य आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत लागतं. नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल तर इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेत केंद्राचा हिस्सा आणि वरचा राज्याचा, असे मिळून पैसे येतात. नसेल तर सगळे राज्याचे. हातात महिन्याला १,५०० रुपयेच पडतात, म्हणून आपण कोणत्या गटात याची चिंता तुम्ही करू नका. अर्ज तहसीलच्या संजय गांधी योजना शाखेत किंवा सेतूवरून करा आणि पोहोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. फेब्रुवारीत काढलेला दाखला लावला आणि फाइल समितीपुढे मे महिन्यात गेली, तर त्याच कारणाने पुन्हा त्रुटी निघते. दाखला एप्रिलमध्ये काढून लगेच अर्ज करणं बरं.

मंजूर होऊनही पैसे न येण्याचं कारण बहुतेक वेळा बँकेत असतं. खात्याला आधार जोडणं वेगळं आणि थेट लाभासाठी ते खातं नोंदवणं वेगळं. लाभ एकाच खात्यात जातो: ज्या बँकेत शेवटी अशी नोंद झाली तिथं. मोबाइलच्या दुकानात सिमकार्ड घेताना अंगठा देऊन पेमेंट बँकेचं खातं उघडलं गेलेलं असतं, म्हातारी माणसं गावच्या बँकेत पासबुक भरून आणतात आणि पैसे तिकडे साचतात. माय-आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. तिथं चुकीची बँक दिसली तर हव्या त्या बँकेत आधार सीडिंगचा अर्ज नव्याने द्या. दरवर्षी हयातीची पडताळणी होते. ती चुकली तर अनुदान गुपचूप बंद होतं, कुणी कळवत नाही.

ऊसतोड केलेल्या हातांचे ठसे झिजलेले असतात आणि यंत्र ते घेत नाही. तिथं ओटीपी, डोळ्यांची बुबुळं किंवा चेहरा हे मार्ग आहेत, ते मागून घ्या. ओटीपीसाठी आधारला चालू मोबाइल नंबर पाहिजे. तो आई-वडिलांच्या किंवा घरात कायम राहणाऱ्याच्या हातातला असू द्या. पुण्याला कामाला गेलेल्या मुलाचा नंबर दिला की प्रत्येक ओटीपीला फोन लावत बसावं लागतं.

दवाखान्याचं दोघांचं वेगळं आहे. वडील सत्तरीच्या वर असल्याने त्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ही सोय ऑक्टोबर २०२४पासून आहे, उत्पन्नाची अट नाही आणि वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात. घरात सत्तरीवरचे दोघं असले तर ते ५ लाख दोघांत मिळून. आधीपासून असलेल्या आजारालाही चालतं, थांबायचा काळ नाही. आयुष्मान ॲपवर किंवा रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे (योजनेच्या मदतीला बसवलेला माणूस) आधारच्या ई-केवायसीवर ते निघतं, पैसे लागत नाहीत. आईला सध्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू आहे. जुलै २०२४पासून ती कोणत्याही रंगाच्या रेशनकार्डाला चालते, कुटुंबाला वर्षाला ५ लाख. तिच्यासाठी रेशनकार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळतंय का तेवढं बघून ठेवा, ऐन वेळी तिथंच अडतं.

दोन्ही योजना भरती झाल्यावरच्या उपचारांच्या आहेत. ओपीडीच्या गोळ्या त्यात येत नाहीत. रुग्णालय योजनेत आहे एवढं विचारून भागत नाही, त्या आजारासाठी आहे का ते विचारा. काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. भरतीच्या आधीच आरोग्यमित्राला गाठा. रोखीने भरती होऊन दोन दिवसांनी 'आता योजनेत घाला' म्हटलं तर भरलेले पैसे परत मिळवायला जीव मेटाकुटीला येतो. वेगळी खोली मागून घेतली तरी गडबड होते. मदतीसाठी फुले योजनेचा क्रमांक १५५३८८ आणि आयुष्मानचा १४५५५.

बीपी-शुगरच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून न्या. सार्वजनिक आरोग्य विभागाचे दवाखाने, म्हणजे आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३पासून मोफत आहेत. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय किंवा संभाजीनगरची घाटी वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतात, तिथं हा निर्णय लागू नाही आणि केसपेपर-तपासणीचं शुल्क पडू शकतं, मात्र फारच कमी. तुम्हाला जवळ म्हणजे अंबाजोगाईच्या अलीकडे लोखंडी सावरगावला वृद्धत्व आरोग्य व मानसिक आजार केंद्र आहे. विसरभोळेपणा, रात्रीची झोप उडणं, उदास बसून राहणं याला आपल्याकडे 'वय झालं' म्हणून सोडून देतात, त्यासाठी तिथं जाऊन या. आणखी एक: मोतीबिंदू 'पिकू' देऊ नका. फार पिकलेला काढायला अवघड जातो आणि डोळ्यातला दाब वाढून नजर कायमची जाऊ शकते. धूसर दिसून रोजची कामं अडायला लागली की शस्त्रक्रियेची वेळ झाली, मग ऋतू कोणताही असो.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत काठी, चष्मा, गुडघ्याचा पट्टा, कमोड खुर्ची यांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. वय ६५ आणि उत्पन्न २ लाखांच्या आत पाहिजे, अर्ज समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे. पैसे आल्यावर ३० दिवसांत खरेदीचं बिल द्यावं लागतं, म्हणून पक्कं बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या. एसटीत वडिलांना ७५पर्यंत अर्धं तिकीट, पुढे मोफत. आईला महिला म्हणून आजही अर्धंच, तिथं आधारचं वय आड येत नाही.

शेताचं माझं मत स्पष्ट आहे: आता नावावर करू नका. जमीन वडिलांच्या नावावर असेपर्यंत पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि नमो शेतकरीचे ६,००० त्यांच्या हातात येतात. फेरफार झाला की दोन्ही बंद. करायचंच ठरलं तर बक्षीसपत्रात स्पष्ट वाक्य टाका: मुलगा आई-वडिलांना सांभाळेल, अन्न-वस्त्र-औषधपाणी करेल, या अटीवर जमीन देत आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा २००७चं कलम २३ सांगतं, की अशी अट मोडली तर हस्तांतरण रद्द होऊ शकतं. अट लिहिलेली नसली तर ती सिद्ध करताना दमछाक होते, आणि सर्वोच्च न्यायालयानेही अट होती हे दिसलं पाहिजे असं म्हटलंय. दुय्यम निबंधकाच्या दारात बसणारे लेखनिक छापील मसुदा पुढे करतात, त्यात हे वाक्य बहुधा नसतं. भावाला वाईट वाटेल म्हणून ते गाळू नका.

याच कायद्यात सांभाळ न करणाऱ्या मुलांकडून महिन्याला १०,०००पर्यंत निर्वाहभत्ता मागता येतो. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांकडे साध्या कागदावर चालतो, वकील लागत नाही, निकाल ९० दिवसांत अपेक्षित असतो. तिथवर जायची वेळ आली, किंवा नुसतं कुठं जायचं ते विचारायचं असलं, तरी ज्येष्ठांची एल्डरलाइन १४५६७ सकाळी ८ ते रात्री ८ मोफत चालू असते आणि मराठीत बोलतात.