मुलाखतीला जाताना सिद्धांत सोबत न्यावा का?

प्रश्न : मी ऊसतोड कामगार स्त्रियांच्या मुलाखतींवर पीएच.डी. करीत आहे. मार्गदर्शक म्हणतात, सैद्धांतिक चौकट आधी पक्की करा. सहकारी म्हणतात, कोऱ्या मनाने जा, नाहीतर हवे तेच ऐकू येईल. कोणाचे ऐकावे?
– एक संशोधक विद्यार्थिनी, बीड

उत्तर : कोऱ्या मनाचा आग्रह धरणारे बहुधा बार्नी ग्लेझर आणि अ‍ॅन्सेल्म स्ट्रॉस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांच्या १९६७ च्या ग्रंथाचा आधार घेतात. सिद्धांत बाहेरून न लादता हाती आलेल्या सामग्रीतून घडवावा, असे त्यांनी मांडले हे खरे; परंतु संशोधकाची पाटी कोरी नसते, हेही त्यांनी त्याच ग्रंथातील एका तळटीपेत मान्य केले आहे. (तळटिपा वाचतो कोण, हा वेगळा प्रश्न.)

माझ्या मते सिद्धांताने काय विचारायचे ते सुचवावे. प्रश्नाच्या शब्दांत मात्र तो उतरू नये. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून मजुरीच्या हिशेबाला एक ‘कोयता’ (एक जोडी) धरला जातो आणि उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. स्त्रियांच्या बिनमोल घरकामाविषयीचे स्त्रीवादी लेखन वाचलेले असेल, तर या हिशेबात बाईचे श्रम कुठे गडप होतात हे शोधावेसे वाटेल. पण ‘तुमचे शोषण होते का?’ असे विचारल्यास ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच हाती लागेल. त्याऐवजी ‘काल पहाटे उठल्यापासून काय काय केले?’ असे विचारा. पाणी, भाकरी, तोडणी, मोळ्या बांधणे, रात्री-अपरात्री गाडी भरणे हे सारे त्या स्वतःच सांगतील.

खरी कसोटी उत्तर चौकटीत बसत नाही तेव्हा लागते. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी दक्षिण गुजरातेत ऊस तोडायला जाणाऱ्या खानदेशी मजुरांचा अभ्यास करून उचल मजुराला कशी बांधून ठेवते हे दाखवले. समजा, एखादी बाई म्हणाली की मोठी उचल मिळते ही आमची पत आहे, तर तिला काही कळत नाही असे ठरवून मोकळे होऊ नका. पत आणि बंधन एकत्र कसे नांदतात, हा पुढच्या मुलाखतीचा प्रश्न करा.

तेव्हा मार्गदर्शकांना चौकट लिहून द्या, पण ती तात्पुरती आहे असे आराखड्यातच नोंदवा. टोळ्या गाव सोडण्यापूर्वी तीन-चार मुलाखती घेऊन त्यांचे लेखन पूर्ण करा, प्रश्नावली बदला आणि मगच कारखान्यावरच्या कोप्यांवर (मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्यांवर) जा.