सेक्युलर मित्रांमध्ये कॅथलिक म्हणून कसं राहावं आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तर काय द्यावं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की पुण्यात आयटीत आहात, कँटीनमध्ये डबा उघडण्याआधी क्रूसाची खूण करायला जाता आणि हात छातीपाशीच थांबतो. टीममधली मुलं “विज्ञान शिकलास ना रे तू?” म्हणून फिरकी घेतात आणि तुम्हाला उत्तर सुचत नाही.

मी उत्तर लिहिणार नव्हतो. पण “हात थांबतो” वाचलं आणि मला माझा रुमाल आठवला.

मी मूळचा वसईचा. १९९१ साली रसायनशास्त्राचा शिक्षक म्हणून साताऱ्याला आलो आणि इथलाच झालो. वसईत रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चुकली तर दुपारपर्यंत शेजारीण आईला विचारायची, पोरगं आजारी आहे का म्हणून. साताऱ्यात मी मिस्सेला गेलो काय आणि झोपून राहिलो काय, कुणाला पत्ताच नाही. इथे ख्रिस्ती म्हटलं की लोकांना मिशन आठवतं. ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आयुष्याच्या अखेरीस साताऱ्यात होते, त्यामुळे स्टाफरूममध्ये पहिल्याच आठवड्यात विचारणा झाली, “म्हणजे तुम्ही टिळकांच्यातले?” नाही हो, ते प्रोटेस्टंट, आम्ही कॅथलिक. “मग फरक काय?” सांगायला तोंड उघडलं की घंटा व्हायची. आणि मिशनमधल्या ओळखीच्यांना वेगळंच पडलेलं: तुम्ही लोक मरियेची पूजा का करता? दोन्हीकडून मारच.

तर रुमाल. राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपासकाळ सुरू होतो त्या दिवशी, सकाळच्या मिस्सेत फादर कपाळावर राखेचा क्रूस काढतात, हे तुम्हाला सांगायला नको. फेब्रुवारीत दहावीचे जादा तास असायचे, त्यामुळे चर्चमधून थेट शाळेत. मी दरवर्षी पोवई नाक्याच्या अलीकडे स्कूटर बाजूला घ्यायचो, आरशात बघायचो आणि रुमालानं कपाळ पुसायचो. कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं, कुणी कधी हसलंही नव्हतं. तेरा बुधवार पुसलं.

२००४ साली तो बुधवार २५ फेब्रुवारीला आला आणि शनिवारी, २८ तारखेला, राष्ट्रीय विज्ञान दिन. सकाळची शाळा. आमचे गणिताचे सर आणि मी मिळून पोरांना चमत्कारांमागचं विज्ञान दाखवायचो. बोलणं त्यांचं, रसायनं माझी. नारळाच्या शेंडीत पोटॅशियम परमँगनेट दडवायचं, वरून ‘तूप’ म्हणून चमचाभर ग्लिसरीन सोडायचं, थोडा वेळ काहीच होत नाही, आणि मग धूर येऊन भस्सकन पेट घेतो. लिंबू कापलं की रक्त, कारण सुरीच्या पात्यावर मिथाइल ऑरेंज वाळवलेलं असतं आणि लिंबातल्या आम्लात ते लाल होतं. पोरं बेभान व्हायची. मलाही मजा यायची, खोटं कशाला बोलू. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्या डॉ. दाभोलकरांच्या गावात हे आम्ही नाही करायचं तर कुणी?

सगळं संपलं आणि सरांनी माइक सोडला नाही. चारपाच महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर २००३ मध्ये, मदर तेरेसांना रोममध्ये ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं होतं. बंगालमधल्या एका बाईच्या पोटातली गाठ त्यांच्या कृपेनं बरी झाली असं चर्चचं म्हणणं, तर ती औषधांनी बरी झाली असं तिथल्या डॉक्टरांचं. स्टाफरूममध्ये त्यावरून आमची जुंपली होती आणि ते सरांच्या डोक्यात असणार. म्हणाले, “आता शेवटचा चमत्कार. आपले सायन्सचे सर दर रविवारी जिथे जातात तिथे पावाचं मांस होतं आणि दारूचं रक्त. सर, त्याला लिटमस लावला तर काय येईल हो?”

तीनेकशे पोरं हसली. आणि मीही हसलो. हे लिहिताना आजही कान गरम होतात. मी हसलो आणि सुरीच्या पात्यावरचं मिथाइल ऑरेंज पुसायला लागलो. रुमाल वेगळा होता, सवय तीच.

सरांवरचा माझा राग लिटमसचा नाही, तो रास्त प्रश्न होता. राग याचा की त्याच शाळेत दरवर्षी ऑफिसात सत्यनारायण व्हायचा आणि सर द्रोणभर शिरा खाऊन तासाला जायचे. त्या शिऱ्याला लिटमस कधी कुणी लावला नाही. (शिरा मीही खायचो. केळं घातलेला, तुपाळ, फार चांगला व्हायचा. पूजेबद्दल माझी तक्रार तेव्हाही नव्हती.) सेक्युलर समाज, सेक्युलर समाज म्हणतो ना आपण, त्यात चिकित्सा सगळ्यांची होते असं कागदावर असतं. माइक मात्र जो एकटा असतो त्याच्याकडे आधी वळतो. हे एकदा समजून घ्या म्हणजे तुमच्या टीमवर चिडणं कमी होईल. दुष्टावा नसतो तो. आपला शिरा कुणाला दिसत नाही, एवढंच.

आता उत्तर, जे मला त्या शनिवारी द्यायचं होतं. निळा लिटमस लाल होईल. द्राक्षारस आम्लधर्मी असतो आणि पवित्रीकरणानंतरही, म्हणजे मिस्सेत फादरांच्या प्रार्थनेनं तो ख्रिस्ताचं रक्त आणि भाकर ख्रिस्ताचं शरीर झाली असं आम्ही मानतो त्यानंतरही, आम्लधर्मीच राहतो. भाकरीवर आयोडीन टाकलं तर निळंकाळं होईल, कारण स्टार्च आहे. यात कॅथलिक माणसानं घाबरण्यासारखं काहीही नाही, कारण चर्चनं उलटा दावा कधी केलेलाच नाही. तत्त्व बदलतं, पण रंग, चव, वजन, गुणधर्म सगळं जसंच्या तसं राहतं, हीच तेराव्या शतकातल्या धर्मपंडित थॉमस अक्वायनसची मांडणी आहे. तत्त्व बदलण्याची भाषा १२१५ च्या लॅटरन धर्मसभेत आली आणि १५५१ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेनं ती पक्की केली. तेव्हा लिटमसचा कागद हातात असता तर अक्वायनसनं स्वतः बुडवून दाखवला असता.

आणि हे नुसतं पुस्तकी नाही. ज्यांना सिलिअ‍ॅक आजार असतो, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन सोसत नाही, त्यांनी कम्युनियन, म्हणजे मिस्सेतला हा प्रसाद, कसा घ्यायचा यावर व्हॅटिकनचं रीतसर पत्र आहे. अगदी कमी ग्लूटेनची भाकर चालेल, अजिबात ग्लूटेन नसलेली चालणार नाही, आणि तीही झेपत नसेल तर नुसता द्राक्षारस घ्यावा. ज्या धर्मगुरूला दारू वर्ज्य आहे त्याला परवानगीनं न आंबवलेला रस. नीट वाचा हे. पवित्रीकरण झाल्यावरही ती भाकर सिलिअ‍ॅकच्या आतड्याला बाधणार, हे चर्च गृहीत धरून चाललंय. मांसात ग्लूटेन नसतं हो! त्या पत्राची तारीख जुलै २००३ आहे. म्हणजे सरांनी माइक फिरवला त्याच्या सात महिने आधी माझं उत्तर तयार होतं आणि मला ते माहीत नव्हतं. स्वतःच्या घरातलं न वाचता लोकांच्या नारळात परमँगनेट घालत हिंडत होतो मी.

त्याऐवजी पुढचा महिनाभर मी सरांना यादी ऐकवत बसलो. जनुकांचे नियम शोधणारा मेंडेल मठातला, बिग बँगची कल्पना मांडणारा जॉर्ज लेमेत्र बेल्जियमचा धर्मगुरू. सर शांतपणे म्हणाले, “पण ती त्यानं मिस्सेत मांडली का?” बोलती बंद. पुढे वाचलं तेव्हा कळलं की लेमेत्रही सरांच्याच बाजूनं उभा राहिला असता. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी विश्वाच्या आरंभाचं विज्ञान निर्मितीच्या श्रद्धेला दुजोरा देतं अशा सुरात भाषण केलं, आणि या दोन गोष्टींची अशी गाठ मारू नये हे त्यांच्यापर्यंत पोहोचवण्यासाठी धडपड केली ती लेमेत्रनंच. तेव्हा यूट्यूबवरच्या अमेरिकन वादपटूंकडून उचललेली शास्त्रज्ञांची यादी टीमपुढे फेकू नका. पलीकडून गॅलिलिओ येतो, १६३३ चा खटला येतो आणि चर्चला चूक कबूल करायला १९९२ उजाडलं हेही येतं. आणि ते सगळं खरं आहे.

माझं मत स्पष्टच सांगतो. श्रद्धेचं रक्षण करायला म्हणून जे लोक उठतात त्यांनी तिचं जेवढं वाटोळं केलंय तेवढं कुठल्या नास्तिकानं केलेलं नाही. २०१२ मध्ये विलेपार्ल्याजवळ एका चर्चबाहेरच्या क्रूसातून पाणी ठिबकायला लागलं. लोक ते पाणी तीर्थासारखं घेऊ लागले. बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडामारुकू यांनी येऊन बघितलं आणि सांगितलं की तुंबलेल्या गटाराचं पाणी केशाकर्षणानं वर चढतंय. नववीच्या पुस्तकात बसेल एवढं सोपं कारण. त्यावर आपल्यातल्या काहींनी काय करावं? आभार मानावेत, की बाबा, घाण पाणी प्यायचे वाचलो. तर धार्मिक भावना दुखावल्या म्हणून कलम २९५अ खाली पोलिसात तक्रारी! तो माणूस फिनलंडला निघून गेला. त्या आठवड्यात गणिताच्या सरांचा फोन आला. मी म्हटलं, सर, या वेळी मी तुमच्या बाजूला आहे. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

पुढच्या वर्षी २० ऑगस्टला दाभोलकरांना पुण्यात गोळ्या घातल्या. संध्याकाळी मी सरांच्या घरी जाऊन नुसता बसलो. वाद कसला घालणार. दाभोलकरांची भूमिका सरळ होती, देव मानण्याला विरोध नाही, देवाच्या नावानं होणाऱ्या लुबाडणुकीला आहे. मी तेव्हापासून माझ्या श्रद्धेला हीच फूटपट्टी लावतो. यासाठी मी कुणाचे पैसे घेतले का? कुणाला औषध सोडायला लावलं का? कुणाला भीती घातली का? रोगमुक्तीच्या सभेला जाऊन इन्सुलिन बंद करणाऱ्या आपल्या माणसाला मी तोंडावर मूर्ख म्हणतो, मग त्याला माझी भक्ती कमी पडतेय असं वाटलं तरी चालेल.

तुमचे मित्र म्हणतील, “म्हणजे जे तपासताच येत नाही ते तुम्ही मानता.” हो, मानतो. म्हणूनच ते मी प्रयोगशाळेत शिकवलं नाही. एवढं शांतपणे म्हणता आलं तर पुष्कळ झालं.

राखेचं सांगायचं राहिलं. २००५ च्या बुधवारी मी स्कूटर थांबवली नाही. पहिल्या बाकावरच्या पोरानं विचारलंच, “सर, तुम्ही पण अंगारा लावता?” मी म्हटलं, मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी वाटलेल्या झावळ्या जाळून केलेली राख आहे, आणि तू माती आहेस, मातीला मिळशील, एवढंच सांगून लावतात. “मग यानं काय होतं?” काहीच होत नाही. “पास पण नाही होत?” नाही. त्याला फार वाईट वाटलं बहुतेक. मग मोलची व्याख्या सुरू केली.

आता पुरवण्या. मी धर्मशास्त्राचा माणूस नाही, सेमिनरीत (धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेत) शिकलेले कुणी वाचत असतील तर त्यांनी चुका काढाव्यात. दुसरं, धर्मगुरूंनी मुलांवर केलेल्या अत्याचारांचा विषय निघाला तर तिथे समर्थन बिमर्थन काही करायचं नाही, मान खाली घालून ऐकायचं. तिसरं, माझा स्वतःचा मुलगा पुण्यातच असतो आणि नाताळ सोडला तर मिस्सेला जात नाही. तेव्हा माझा सल्ला किती घ्यायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. आणि हो, साताऱ्यातल्या शाळेत मला जे जमलं ते आज सगळीकडे जमेल असं नाही. कुठे नुसत्या प्रार्थनेवरूनही धर्मांतराचा संशय घेतात, तिथे मी तुम्हाला शौर्य शिकवणार नाही.

कँटीनचं म्हणाल तर खूण करा आणि डबा उघडा. दोन सेकंदांचं काम आहे. 

गणिताचे सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. सकाळी फिरताना गोडोलीच्या तळ्यापाशी भेटतात. दोनेक वर्षांपूर्वी मी त्यांना ग्लूटेनचं ते पत्र, लिटमस, आयोडीन, सगळं एका दमात सांगितलं. चहाच्या टपरीवर उभ्यानं. त्यांनी नीट ऐकलं. मग म्हणाले, “वीस वर्षं हे डोक्यात घेऊन फिरत होतात?” हो म्हटलं. “चूक झाली माझी,” म्हणाले, “पोरांसमोर नको होतं विचारायला.” एवढं ऐकायलाच मी थांबलो होतो बहुधा, कारण पुढे काय बोलायचं ते मला सुचेना. सरांनीच विचारलं, “पण समजा, मी खरंच आयोडीनची बाटली घेऊन आलो. टाकू द्याल?”

“नाही.”

“का? निळंकाळं होणार हे तर तुम्हीच सांगताय.”

मी ग्लास खाली ठेवला. टपरीवाला दुसऱ्या गिऱ्हाईकाला सुटे पैसे देत होता. सर म्हणाले, “राहू द्या, सावकाश सांगा,” आणि चहाचे पैसे त्यांनी दिले.